दहाव्याची बिडी

बिड्यांनी छाती पोखरून मामंजी गेले. दहाव्याला भीमेच्या काठावर पिंड मांडला, पण उन्हं डोक्यावर आली तरी कावळा शिवेना.

"ह्यांना बिडी पायजे," सासूबाई म्हणाल्या. "पेटवून ठेवा कुणीतरी."

"न्हाई, आत्याबाई! बिडीनंच खाल्लं त्यांना," मी ओरडले. पण माझ्या नवऱ्यानं बिडी पेटवून पिंडाजवळ ठेवलीच.

वारा पडलेला होता. तरी बिडीचं टोक लाल व्हायचं, काळं पडायचं, पुन्हा लाल व्हायचं.

"ओढत्यात बघा," म्हणत सासूबाईंनी हात जोडले.

धूर मात्र कुठंच दिसत नव्हता.

तेवढ्यात माझ्या मांडीवर प्रगती खोकायला लागली. चार वर्षांची माझी लेक, रोज आजोबांच्या गोधडीत झोपणारी. ढास थांबेना. तिला सासूबाईंकडं देऊन मी धावले, बिडी पायाखाली चिरडली, वर नदीचं पाणी ओतलं.

"पाया पडते मामंजी, पोरीला सोडा!"

मागं खोकला थांबला. आणि कावळा उतरला, पिंडाला शिवला.

"झालं बाई," म्हणत सगळ्यांनी श्वास सोडला.

प्रगतीनंही सोडला. तिच्या इवल्याशा नाकातून धूर निघाला, सावकाश, आणि निघतच राहिला.