थाळीची साक्ष

कोमलने वही मांडीवर घेतली. मोबाइलवरच्या इंग्रजीच्या क्लासात आज चार क्रियापदं होती: सजेस्ट, शो, कन्फर्म, प्रूव्ह. घरातलीच वाक्यं करा, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. ‘द वेट टॉवेल शोज दॅट सत्यम हॅज टेकन अ बाथ,’ तिने लिहिलं. नवऱ्याने तो पलंगावरच टाकला होता.

वराळ्यात दुपारपासून ढग उतरले होते. समोरची नवी इमारत असून नसल्यासारखी. तिची दहा महिन्यांची लेक अपेक्षा फरशीवर बसून दारातल्या त्या पांढऱ्या ढगाकडे बघत होती.

सासूबाई, मुक्ताबाई, पितळी थाळी आणि लाटणं घेऊन आल्या. उद्या नातीचे कान तपासायला तळेगावला न्यायचं, हे त्यांना पटलं नव्हतं. त्यांच्याकडे लेकरांचे कान थाळीवरच तपासत. मागच्या आठवड्यात दोनदा वाजवली, दोन्ही वेळा पोर वळली. सत्यमचीही खात्री पटली होती.

मुक्ताबाई अपेक्षाच्या पाठीमागे बसल्या, थाळी जमिनीवर टेकवली आणि लाटणं हाणलं. पोर वळली. हसलीसुद्धा.

“बघ. डाक्टर काय येगळं सांगनार हाय? लय शिकलीस, म्हून लय भ्या वाटतं तुला.”

कोमलने लिहिलं, ‘द थाळी प्रूव्ह्ज दॅट अपेक्षा हिअर्स.’ वाक्य छान दिसत होतं. ते बघता बघता तिला जाणवलं, थाळी वाजली तेव्हा आपल्या तळपायांना बारीक झिणझिणलं होतं. फरशीतून.

ती उठली. अपेक्षाला उचलून तिने साडीच्या झोळीत ठेवलं, तोंड दाराकडे करून. झोळी थांबेपर्यंत ती थांबली.

“आता वाजवा, आई. हातात धरून.”

मुक्ताबाई हसल्या. त्यांनी वाजवली. ढगापलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं. त्यांनी पुन्हा वाजवली, जोरात. झोळीतली पोर शांतपणे ढगाकडे बघत राहिली. तिची इवली मूठ उघडत होती, मिटत होती.



“सकाळी कितीला निगायचं?” मुक्ताबाईंनी विचारलं.

थाळी अजून घुमत होती. त्यांनी ती छातीशी घट्ट धरून गप्प केली.