मखमली शेंग

प्रेम जडलं की माणूस एका जागी स्वस्थ बसू शकत नाही. आळे गावचा भरत प्रतिभाला बघायला डोंगरातल्या तिच्या घरी आला, तेव्हा तोही बसू शकत नव्हता. फक्त तो मान, पोट आणि काखा खाजवत होता. शेती करतो म्हणून आजवर नऊ मुलींनी त्याला नाकारलं होतं. प्रतिभा दहावी. भरतची आई साळुबाई लेण्याद्रीला नवस बोलूनच आली होती.

"पावण्यांच्या अंगावर काय उठलंय का?" प्रतिभाच्या आत्याने विचारलं.

"न्हाई वो, लाजतोय," साळुबाई म्हणाली.

प्रतिभाने पोह्यांची बशी खाली ठेवली. "येताना वेलावरची सोनेरी शेंग तोडली का तुमी?"

"एकच," भरत म्हणाला. "लई मऊ व्हती. मखमलीवानी."

"खाजकुयली हाय ती. शर्ट काढा."

तिने गोठ्यातून ताजं शेण आणलं. भरतने निमूटपणे शर्ट काढला आणि भर बैठकीत अंगाला शेण चोळून घेतलं.

"सांगितलेलं ऐकतोय," प्रतिभा आत्याला म्हणाली. "मला चालंल."

साळुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीचं मन बदलायच्या आत उरकून टाकावं म्हणून तिने पिशवीतली नवी साडी काढली, झटक्यात घडी मोडली आणि प्रतिभाच्या खांद्यांवर पांघरली.

शेंग चुरगळू नये म्हणून भरतने ती त्याच साडीच्या घडीत ठेवली होती.