रानडुकराचा वाटा

"रानडुक्कर आत आलं होतं का?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

शेडमधली शेवटची डुकरीण धापा टाकत पडली होती. तिचे कान जांभळे पडले होते. बाकीची सगळी गेली. मालेगावहून आलेल्या पशुवैद्यकीय पथकानं अंगणाला दोरी बांधली होती. ना कुणी आत यायचं, ना बाहेर जायचं.

"कसं येणार साहेब?" निता म्हणाली. "जाळी पाहा ना. ससाबी घुसत नाही."

खरंच होतं ते. रानडुकरांकडून रोग येतो हे ऐकल्यापासून तिनं जाळीखाली दगड रचले, चुना टाकला, शेजारचं कुत्रंही फिरकू दिलं नाही. पोटच्या पोरांचे एवढे लाड कुणी करत नाही, असं म्हणत वस्ती हसली. तिनं हसू दिलं.

"मग घरात रानडुकराचं मटण आलं होतं? माणसाला त्यानं काही होत नाही. पण मटणाचं धोवण डुकरांच्या पोटात गेलं, तरी पुरे."

नितानं धनराजकडे पाहिलं. पंधरवड्यापूर्वी धनराजनं, तिच्या नवऱ्यानं, तुरीत बसलेलं रानडुक्कर काठीनं मारलं होतं. ते पळालंच नाही. धनराज फुशारकी मारत गावभर फिरला. ते का पळालं नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मटण नितानं धुतलं. धोवणात कोंडा कालवून, जाळीचं दार उघडून, तिनंच ते डुकरांपुढे ठेवलं.

"नाही जी, आमी शिकार करत नाही," धनराज घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

बोललं तर वनखात्याचे लोक नवऱ्याला उचलून नेणार. नाही बोललं तर संगीता बुडणार. ही तिची धाकटी बहीण, रिठदला दिलेली. तिचंही घर डुकरांवरच चालायचं. शिकारीतला तिचा वाटा वाळवून धनराजच देऊन आला होता. पाहुणे आले की शिजवीन, म्हणाली होती.

तिनं मोबाईल काढला.

"कोणाले लावून राह्यली?" धनराज पुढे सरसावला.

"तुमी मले मारा, पण आता आडवू नका," ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत स्पीकर लावला. "संगीता, तुया भाऊजीनं मारलेल्या रानडुकराचं मटन हाय न, थे धुऊ नको. तसंच पुरून टाक."

डॉक्टरांनी झटकन मान वर केली. पलीकडून संगीता मात्र मोकळेपणी हसली.

"आता सांगतं का, ताई? पाहुणे कालच जेवून गेले. अन् धोवण मी वाया जाऊ देतो का? तुयासारखंच डुकरांले घातलं."