तिरकं टेबल

“तुझ्या हातून नको,” सासरे म्हणाले आणि वर सारलेली बाही त्यांनी पुन्हा मनगटापर्यंत ओढून घेतली.

ती सिरिंज धरून तशीच उभी राहिली. इन्सुलिन भरून झालं होतं, बुडबुडा काढून झाला होता, स्पिरिटचा बोळा तयार होता. एक्केचाळिसाव्या वर्षी नर्सिंगला नाव घातलेली बाई. वर्गातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरी तिला काकू म्हणायच्या आणि वॉर्डातले पेशंट त्याच पोरींना सांगायचे, “तुम्ही नको, त्या काकूंना पाठवा.” तिचा हात इतका हलका होता की सुई कधी गेली ते कळायचं नाही. सगळ्या वॉर्डाला ते पटलं होतं. घरातल्या एका म्हाताऱ्याला काही पटत नव्हतं.

अडीच वर्षं हेच चाललं होतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर रोज सकाळी साडेसातला, नाश्त्याआधी यायचा, धसमुसळेपणानं सुई खुपसायचा आणि दंडावर काळानिळा डाग ठेवून जायचा. सासरे त्याच्यापुढे मुकाट्यानं दंड धरायचे. सुट्टीच्या दिवशी तरी मी देते म्हणून पहिल्या वर्षी तिनं हौसेनं विचारलं, दुसऱ्या वर्षी हट्टानं विचारलं, मग विचारणंच सोडलं. एकदा तर शेजारीण तिच्या देखतच म्हणाली, “घरात नर्स असून बाहेरचा माणूस लागतो?” सासऱ्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसा माणूसच विक्षिप्त. तिनं नाव घातलं त्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरून एक जुनं टेबल खाली काढायला लावलं, स्वतः पुसलं आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवलं. अभ्यासाला म्हणे. त्या टेबलाची फळी एका बाजूला उतरती. पेन ठेवलं की घरंगळायचं, शरीररचनेचं जाडजूड पुस्तक मांडीवर येऊन आदळायचं. मुलगी म्हणायची, “आई, आजोबांनी तुला घसरगुंडी दिलीय.” बदलू या का म्हटलं तर सासऱ्यांचं एकच, “तेच राहू दे.”

मग राहिलं तेच. डाव्या कोपरानं पुस्तक अडवत ती अडीच वर्षं शिकली. पहाटे उठून डबे करायचे, सहाला घर सोडायचं, सातच्या ठोक्याला वॉर्डात हजर व्हायचं आणि आल्यावर पुन्हा ओटा गाठायचा. तिथे पाच मिनिटं उशीर म्हणजे गैरहजेरी. मुलीच्या तापात तिचे आठ दिवस बुडाले, तेव्हापासून हजेरी अगदी काठावर होती. आणखी तीन दिवस चुकले तर अंतिम परीक्षेला बसता येणार नव्हतं.

आणि नेमका आता कंपाउंडर नोकरी सोडून गेला. आज तिची सुट्टी होती. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “बरंच झालं. आजपासून तूच देत जा. घरातल्या घरात काम होईल.”

“रोज साडेसातला मी वॉर्डात असते,” ती म्हणाली.

“मग सांग त्यांना, नऊला येते म्हणून. नाहीच जमलं तर परीक्षा पुढच्या वर्षी दे, आभाळ थोडंच कोसळणार आहे? आईनं आजीचं अकरा वर्षं केलं. हूं की चूं केलं नाही.”

हे वाक्य तिला पाठ होतं. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेलेल्या. भिंतीवरचा फोटो आणि ही अकरा वर्षं, एवढ्याच त्या तिला ठाऊक होत्या. एरवी ती या वाक्यावर चिडली असती. आज तिच्या डोक्यात भलतंच होतं. आता तरी म्हाताऱ्याला आपल्यापुढे दंड धरावा लागणार, या विचारानं तिला बरं वाटत होतं. “बघते मॅडमशी बोलून,” असं ती बोलून गेली आणि फ्रिजमधली बाटली काढायला वळली.

आणि वर हे. नको म्हणे.

“का नको?” तिचा आवाज चढला. “बाबा, सबंध वॉर्ड माझ्या हातून घेतो. चार वर्षांची पोरं घेतात. तुम्हाला त्या कंपाउंडरची टोचाटोच चालते आणि माझा हात चालत नाही. माझ्यात काय कमी आहे ते आज एकदा सांगूनच टाका.” बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला.

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. “बाबा, घ्या ना. एकदा घेतलंत की सवय होईल.”

“सवय मला नाही, तुला होईल,” सासरे म्हणाले.

ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली, भिंतीला धरून चपला सरकवल्या. “दवाखाना चार घरांवर आहे. रोज चालत जाईन, डॉक्टर टोचतील. पाय धड आहेत अजून.”

दारापाशी ते थांबले. तिथून तिच्या खोलीतलं टेबल दिसत होतं. पुस्तक नेहमीसारखं अर्धवट घसरून काठाशी आलं होतं. ते त्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे वळले.

“हे तुझ्या सासूचं टेबल. इमारतींचे नकाशे काढायची ती. चांगली नोकरी होती तिला, हा तेव्हा रांगत होता. हातही तुझ्यासारखाच हलका. माझ्या आईला पहिलं इंजेक्शन तिनं दिलं, त्या सकाळपर्यंत ती रोज कामाला जायची.”