सहज इंग्रजी

प्रसूतिगृहाच्या बाकावर बाप-लेक सकाळपासून बसून होते. आत धाकटी अडली होती. नुसतं बसवेना, म्हणून थोरलीने वडिलांच्या इंग्रजी लेखाचे कागद मांडीवर घेतले. पृथ्वीवर पहिला जीव कसा आला, यावर त्यांनी हौसेने लिहिलं होतं; आणि दुसऱ्यांचं लिखाण सुधारणं हाच थोरलीचा पोटापाण्याचा धंदा.

'देवाने चिखलात प्राण फुंकला' अशा अर्थाच्या वाक्यातला देव तिने लाल पेनाने खोडला. "बाबा, इंग्रजीत आता असं कुणी लिहीत नाही. 'जीवन सुरू झालं' एवढंच म्हणा. सहज वाटतं."

"सहज म्हणजे कसं गं?"

"विचार न करता तोंडातून निघतं ना, तसं."

बाबांनी आयुष्यात कुणाशी हुज्जत घातली नव्हती, तिथे लेकीशी काय घालणार! त्यांनी एवढंच विचारलं, "आणि खोडलेला शब्द पुन्हा हवासा वाटला तर?"

"त्याच्या खाली ठिपके द्यायचे. शब्द ठेवायचाय, हे छापणाऱ्याला कळतं."

तेवढ्यात दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. "सुटली एकदाची! बाळ रडायला जरा वेळ लागला, पण आता दोघंही छान आहेत."

"देव पावला!" थोरली ताडकन उठली. कागद फरशीभर झाले.

डोळे पुसत बाबांनी ते पान शोधलं, लाल पेन उचललं आणि दोन्ही तिच्यापुढे धरली.

रडता रडता हसू फुटलेल्या थोरलीने आधी ठिपके दिले, मग ती बाळ बघायला धावली.