न हलणारं टेबल

“अख्ख्या राजस्थानात न हलणारी एकच गोष्ट आहे, बाबा. हे टेबल,” डॉ. निमिषने वडिलांना सांगितलं.

“तू आमच्या विमा ऑफिसातल्या फायली पाहिल्या नाहीस,” उमाकांत म्हणाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते मुलाकडे जयपूरला आले होते, आणि मुलाने त्यांना हवामहालाआधी प्रयोगशाळा दाखवायला आणलं होतं.

टेबल हवेच्या उशांवर तरंगत होतं. त्यावर सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या पोटात तांब्याचा तुकडा. महिनाभराच्या खटपटीनंतर निमिषने त्या तांब्यावर कार्बनचा एक थर वाढवला होता, फक्त एका अणूच्या जाडीचा. सूक्ष्मदर्शकाची सुई त्यावरून फिरू लागली. पडद्यावर रेघेरेघेने अणू उमटले, मधाच्या पोळ्यासारखे.

पोळं डुलत होतं.

निमिषने एसी बंद केला. पंप बंद केला. वरच्या मजल्यावरच्या सहकाऱ्याला, सोहमला, फोन करून ‘चालू नकोस’ म्हणाला. तो बिचारा खुर्चीवर पाय घेऊन बसला. टोंक रोडवरचे ट्रक तेवढे थांबवता येईनात. पण ही थरथर ट्रकची नव्हतीच. संथ होती, एकसारखी.

“तुझं राजस्थान हलतंय रे,” उमाकांत म्हणाले.

निमिष वळला. बाबांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर टेकला होता. अंगठा बोटावर फिरत होता, जप चालल्यासारखा. बाबांनी आयुष्यात कधी जप केला नव्हता.

त्याने पडद्याकडे पाहिलं. पुन्हा हाताकडे. ताल एकच.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“बाबा.”

उमाकांतांनी हात उचलून खिशात घातला. “दिवाळीपासून. तुझी आई म्हणते, पेपर नीट धरा, मला वारा लागतो.” मग जरा थांबून म्हणाले, “हे हलत नाही म्हणालास ना. म्हटलं, टेकून बघावं.”

पडद्यावर अणू शिस्तीत उभे राहिले. एवढं स्वच्छ चित्र निमिषला वर्षभरात मिळालं नव्हतं.

“आलं की रे! घे, फोटो काढून घे.”

निमिषचं बोट बटणावर होतं. ते दाबलं जाईना.

“बरं, राहू दे,” उमाकांत म्हणाले. “चहा मागवतोस का? माझा अर्धाच कप सांग.”