भोवऱ्यांची पारख

सन १९६३, पौष पौर्णिमेचा दुसरा दिवस. स्थळ, मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील जत्रा. बैलबाजाराच्या टोकाला, घोड्यांच्या तळावर, शहापूरचा टांगेवाला लडकू आपली घोडी घेऊन बाजाराच्या पंचांपुढे न्याय मागायला उभा होता.

तीन वर्षांपूर्वी याच जागी बारकू व्यापाऱ्याकडून त्याने ती घेतली होती. कपाळावरचा, गळ्यावरचा, छातीवरचा केसांचा एकेक भोवरा बोट ठेवून पारखला होता. अशुभ एकही निघाला नव्हता. टांग्याला पुढे घरचेच शिंगरू असावे, हा त्याचा बेत. म्हणून तिला कधी जुंपले नाही. टांगा ओढत राहिला तो एका डोळ्याने आंधळा झालेला म्हातारा घोडा. घोडी मात्र माजावर आली नाही. तरी तीनदा नराकडे नेली. तिन्ही वेळा नराने हुंगून मान फिरवली आणि हीच पुढचे पाय उचलून त्याच्या अंगावर गेली.

आज गुरांच्या डॉक्टरांनी शेपूट वर करून पाहिले, आणि लडकूलाही पाहायला लावले. मादीच्या अंगात नराची बोटभर खूण, मागे वळलेली. दोष आईच्या पोटातूनच आलेला आहे, ही ना पुरती घोडी ना पुरता घोडा, हिला शिंगरू होणे नाही, एवढे सांगून ते पुढच्या जनावराकडे गेले.

"घोडी म्हणून दिलीस," लडकू बारकूवर घसरला. "ही घोडी नाय. बदलून दे."

"घोडा निघाला असता तर दिली असती बदलून. घोडा तरी हाय का?" बारकू म्हणाला. "भोवरे बघता बघता दुपार केलीत, लडकूशेठ. शेपूट उचलताना तुमचा हात कुणी धरला होता?"

माणसे हसली. लडकूने पंचांपुढे पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतले: जे दिले म्हणता ते मुळात नव्हतेच, तर सौदा झाला कशाचा? पंचांनी मान डोलावली. निवाडा मात्र कोणी देईना. उन्हे कलली. चौथ्यांदा मांडताना त्याचा आवाजच बसला.

त्याची बायको धोंडीबाई इतका वेळ खुंट्याशी बसून होती. तीन वर्षे या जनावराचे गवत तिनेच कापले होते. ती उठली, चारही पायांवरून हात फिरवला आणि दावे सोडले.

"पाय बरे हायेत," ती म्हणाली. "उद्यापासून हिला जुंपा. म्हाताऱ्याला सोडा."